वरच्या कुंडातली तेवीस

युनोसावा
२८ नोव्हेंबर १९६२

फुसाए,

थंडी पडली, बर्फ पडलं, मी बरी आहे, तूही बरी असशील. लोक पत्राचं पहिलं पान ज्यात घालवतात ते माझं एका ओळीत झालं. आता खरं काय ते ऐक.

आपल्या वरच्या कुंडात माकड उतरलं.

हसू नकोस. परवा एक निवृत्त हेडमास्तर उतरले होते आपल्या पाहुणघरात. डोक्यावर ओल्या पंच्याची घडी, डोळे मिटलेले, गळ्यापर्यंत पाण्यात. समोर कुणीतरी येऊन बसल्याचं त्यांना जाणवलं. माणूस सभ्य, डोळे न उघडताच म्हणाले, "यंदा बर्फ लवकर आलं, नाही का?" उत्तर नाही. त्यांना वाटलं, म्हातारा ऐकायला कमी असेल. मग जरा मोठ्यानं विचारलं, "कुठल्या गावचे आपण?" तरी उत्तर नाही. तेव्हा डोळे उघडले. पंचा डोक्यावर तसाच, आणि हेडमास्तर उघडेच स्वयंपाकघरात! मी म्हटलं, "मास्तर, आधी पंचा जिथे हवा तिथे घ्या, मग बोला."

मी वर जाऊन पाहिलं. एक तरणी माकडीण खांद्यापर्यंत पाण्यात बसली होती. काठावर बाकीची सगळी टोळी, अंगावर बर्फ घेऊन, तिच्याकडे टकमक बघत. सुरुवात कशी झाली तेही मी पाहिलंय. आदल्या दिवशी एक सफरचंद घरंगळत पाण्यात पडलं, ते काढायला ही उतरली, आणि पाणी गरम आहे हे कळल्यावर सफरचंद विसरून तिथेच बसून राहिली. आज चार जण होते. उद्या किती असतील कोण जाणे.

आपल्या आईला हे बघायला मिळायला हवं होतं. आयुष्यभर पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी काढलं तिनं, पण असे पाहुणे तिला कधी मिळाले नाहीत.

तू पाठवलेल्या दोन पेट्या संपत आल्या. पाहुण्यांना तुमची सफरचंदं फार आवडतात. डागी असली तरी चालतील, रस्ता बंद व्हायच्या आत आणखी दोन पाठव. आणि एकदा ये. लग्न होऊन एकतीस वर्षं झाली, माहेरी किती वेळा आलीस? चार. मी मोजलंय.

ताझुको


शिमोझावा
५ डिसेंबर १९६२

ताई,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा नाही.

वरच्या कुंडापाशी सफरचंदाचं झाड नाही. मी त्याच घरात वाढले, असतं तर मला माहीत असतं. मग सफरचंद घरंगळत आलं कुठून? आणि नोव्हेंबरात तुझ्याकडे पाहुणे असतात किती? तीन, फार तर पाच. पाच माणसं दोन पेट्या सफरचंदं खातात होय ग?

आता माझं ऐक. गेल्या फेब्रुवारीत त्या टोळीनं आमची एकोणीस झाडं सोलली. साल खाल्ली, गोल, बुंध्यापासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत. वसंतात पानं फुटली आणि महिन्याभरात करपली. तुला सफरचंदं दिसतात, ताई, मला ती झाडं दिसतात. सासऱ्यांनी तुतीची बाग उपटून सफरचंद लावलं त्याच वर्षी मी लग्न होऊन आले. ते खड्ड्यात माती लोटायचे आणि मी रोप सरळ धरून उभी राहायची. घरात अजून कुणाशी बोलायची हिंमत नव्हती, तेव्हा त्या रोपांशी बोलायचे मी. त्यांतली एकोणीस गेली.

पुढारीपण करणाऱ्या एका माकडिणीचा डावा कान फाटलेला आहे. डावीकडच्या तिसऱ्या झाडावर बसून तिनं माझ्याकडे बघत साल चघळली. मी ओरडले, डबा वाजवला, ती ढिम्म हलली नाही. तुझ्याकडे ती येते का, तेवढं कळव.

बागाईतदारांच्या गटानं बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केलाय. यंदा गटाचे अध्यक्ष हेच आहेत. पलीकडच्या दरीतला गेन्जिरो म्हणून जुना शिकारी आहे, त्याला बोलावणार. यांना मी तुझ्या पत्रातलं काही सांगितलेलं नाही.

सफरचंदं पाठवत नाही.

फुसाए


युनोसावा
१२ डिसेंबर १९६२

फुसाए,

पकडलंस. हो, मी घालते त्यांना खायला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून. आधी तुझी सफरचंदं, आता जव आणि सोयाबीन. पाहुण्यांचं नाव सांगून मागायला नको होतं, तेवढं माझं चुकलं. बाकी काही चुकलेलं नाही.

कान फाटलेली येते. सगळ्यांच्या आधी तीच येते, कुंडात सगळ्यांत गरम कोपरा तिचा, तिथे कुणी दुसरं बसलं तर नुसतं बघते आणि तो उठतो. तेवीस जण आहेत एकूण. आता सगळेच उतरतात. म्हातारे आधी, पोरंटोरं नंतर. बाहेर पडायला मात्र कुणी तयार नसतं, अगदी आपल्या पाहुण्यांसारखं.

एकोणीस झाडांचं मी आज वाचते आहे. तू मला तेव्हाच का लिहिलं नाहीस? की मी वरच्या डोंगरातली, मला बागेतलं काय कळणार, असं वाटलं?

पण तूच मला एक सांग. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यापासून आजपर्यंत तुमच्या बागेत किती माकडं आली? उशिराची फळं झाडावर असताना? खरं लिही. पोट भरलं आणि पाठ शेकली की बारा किलोमीटर बर्फ तुडवत झाडाची साल खायला कोण जाईल? मी नाही जाणार, तीही नाही जाणार.

तुझ्या नवऱ्याला सांग, ताझुको म्हणते तेवीस तोंडं ती सांभाळेल. तुझे भावोजी गेल्यावर अकरा वर्षं हे घर एकटीनं चालवलं, त्यापुढे माकडं म्हणजे काही नाही.

ताझुको


शिमोझावा
२२ डिसेंबर १९६२

ताई,

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. नोव्हेंबरपासून एकही आलं नाही.

पण त्यानं काय होतं? जानेवारीत तुझा रस्ता बंद होतो. जव संपले की? तू आजारी पडलीस की? भुकेलं जनावर आधी नुसतं भुकेलं असतं, तू त्याला सवय लावलीस, आता ते हक्कानं मागेल. हे मी माझं सांगत नाही, हे यांचं म्हणणं आहे. अखेर मी यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझी बहीण मोठी हिकमती आहे. पण बाग तिची नाही."

परवान्याचं अजून काही कळलं नाही.

नव्या वर्षाच्या मोचीसाठी चिकट तांदूळ पोस्टमन तोराओबरोबर पाठवले आहेत. ते माणसांनी खायचे.

फुसाए


युनोसावा
८ जानेवारी १९६३

फुसाए,

तोराओ आठ दिवस उशिरा पोचला, कमरेइतक्या बर्फातून. दारात बसून तीन वाट्या गरम मिसोचं सार प्याला तेव्हा त्याला कंठ फुटला. तांदूळ पोचले, माणसांनीच खाल्ले.

वरचं कुंड मी माकडांना देऊन टाकलं. एका बाईंनी तक्रार केली, पाण्यात केस सापडतात. मी म्हटलं, "बाई, माणसांचेही सापडतात, ते तुम्हाला चालतात ना?" पण त्यांचं बरोबरच होतं. म्हणून आता खालचं कुंड माणसांचं आणि वरचं त्यांचं. मध्ये दगडाची भिंत रचली. त्या भिंतीवर बसून ती माणसांकडे बघतात, आणि माणसं खालून त्यांच्याकडे. दोन्हीकडचे तासन्‌तास तोंड उघडं टाकून बसतात. जेवायची हाक मारली तरी कुणी उठत नाही.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लहानपणापासून खोटं लिहिताना अक्षर बारीक काढतेस. "परवान्याचं अजून काही कळलं नाही" ही ओळ वाचायला मला चष्मा शोधावा लागला. परवाना आलाय ना?

मी चिडणार नाही. लपवू नकोस, एवढंच. आपल्या दोघींत जे व्हायचं ते तोंडावर होऊ दे.

ताझुको


शिमोझावा
१६ जानेवारी १९६३

ताई,

हो. अठरा डिसेंबरला आला. तेवीस माकडांचा, मार्चअखेरपर्यंत. तेवीस हा आकडा त्यांना कुठून मिळाला विचारू नकोस. मीच सांगितला होता, तुझ्या पत्रातून, जेवताना, सहज. अर्जात आकड्याची जागा अजून रिकामी होती, तिथे तो जाईल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

सत्तावीस तारखेला हे आणि गेन्जिरो वर यायला निघतील. गेन्जिरो काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, "पंचवीस वर्षं शिकार करतोय, पण सगळी टोळी रोज एकाच जागी, एकाच वेळी, उघड्यावर बसलेली कधी ऐकली नव्हती. कुत्रेसुद्धा लागायचे नाहीत." ताई, तू त्यांना वाचवायला गेलीस आणि ताटात वाढून ठेवलंस.

हे मी नवऱ्याचा बेत तुला कळवतेय. एकतीस वर्षांत मी असं काही केलं नव्हतं. केलं, कारण तुझ्या दारात काय होणार ते तुला आधी कळायला हवं. मी कुणाच्या बाजूची आहे, हे मला विचारू नकोस. ती एकोणीस झाडं रोज सकाळी माझ्या खिडकीतून दिसतात, नुसते खुंट झालेली. अजून ते उपटायला यांचे हात उठलेले नाहीत.

फुसाए


युनोसावा
२१ जानेवारी १९६३

मेहुणेबुवा इवाकिची यांस,

तुम्ही बंदूक घेऊन येताय असं तोराओ सांगत होता. पोस्टमन पाकिटातलं वाचत नाही, पण पाकिटाबाहेरचं सगळं त्याला माहीत असतं, तेव्हा घरात कुणावर डोळे वटारू नका.

या. माझी हरकत नाही. अडवायला मी कुंडाच्या काठावर हात पसरून उभी राहीन असं वाटत असेल, तर तसलं काही होणार नाही. सत्तावन्न वर्षांची झाले, आणि काठावर बर्फ निसरडं आहे.

पण रानातून परस्पर येऊ नका. माझ्या घरी उतरा. तुम्ही आमचे जावई, गेन्जिरोदादा पाहुणे. आल्यावर आधी खालच्या कुंडात अंग शेका, मग जेवा. सोब्याच्या शेवयांचं पीठ मी स्वतः मळते, कुणाला हात लावू देत नाही. झोपा. सकाळी उठून वर जा आणि जे करायचं ते करा.

एकच अट. फुसाएला बरोबर आणा. झाडं तिनं हातानं धरून वाढवली, टोळी मी बोलावली. जे होईल ते दोघींनी बघायला हवं. एकीनं खिडकीतून आणि दुसरीनं स्वयंपाकघरातून ऐकायचं, हे बरं नाही.

ताझुको


शिमोझावा
६ फेब्रुवारी १९६३

ताई,

येऊन आठवडा झाला तरी अंगाला अजून गंधकाचा वास आहे. शेजारणी नाक मुरडतात. मी म्हणते, माहेरचा आहे.

त्या सकाळी तू स्वयंपाकघरातच राहिलीस. सोबा मळायला घेतला आहे म्हणालीस. मी ओळखलं तुला, ताई. बघायला हवं असं लिहिणारी तू, आणि पीठ मळत बसलीस. परत आल्यावर तू काही विचारलं नाहीस, आणि मीही सांगितलं नाही. आता सांगते.

आम्ही तिघं वर गेलो. तेवीसच्या तेवीस पाण्यात होती. वाफ इतकी की आधी नुसती तोंडं दिसली. लाल, डोळे मिटलेली, डोक्यावर बर्फाची टोपी. साके जरा जास्त झालेल्या मंडळींसारखी. दोघं एकमेकांच्या पाठीचे केस विंचरत होते. एक पिल्लू आईच्या खांद्यावरून घसरून पाण्यात पडायचं, वर यायचं, परत चढायचं.

गेन्जिरोनं बंदूक खांद्यावरून काढलीच नाही. म्हणाला, "मालक, यात माझं काय काम? इथे टोपली घेऊन कुणीही येईल."

हे म्हणाले, "तुला त्यासाठीच आणलंय."

"डोंगरात पळणारं जनावर मी मारतो. अंघोळीला बसलेल्यावर बंदूक उचलली हे कळलं तर माझा कुत्रासुद्धा माझ्याबरोबर चालायचा नाही."

"मग दे इकडे," म्हणून यांनी त्याच्या खांद्यावरून बंदूक घेतली.

आता पुढचं नीट वाच, कारण हे सांगायला मला आठवडा लागला. हे कुठे नेम धरायचा ते बघत होते, आणि मी बोट दाखवलं. मी म्हणाले, "ती बघा, कान फाटलेली. तिसऱ्या झाडावर हीच होती." मी, ताई. तुझी बहीण. मला त्या क्षणी ती मरायला हवी होती.

यांनी नेम धरला. बराच वेळ धरला. नळीवर बर्फ साठायला लागलं. कान फाटलेलीनं डोळे उघडले, आमच्याकडे पाहिलं, आणि परत मिटले. कंटाळून मिटले. मला तिचा इतका राग आला, आणि त्याच वेळी असं वाटलं की हिच्या जागी मी असते, इतक्या थंडीत इतकं सुख मिळालं असतं, तर मीही कुणासाठी डोळे उघडले नसते.

मग हे हळूच म्हणाले, "फुसाए, हे पाणी कुठे जातं?"

मी म्हटलं, "खाली. माणसांच्या कुंडात."

"म्हणजे काल आपण बसलो होतो त्यात?"

"हो."

यांनी बंदूक खाली घेतली. "मग नको. ताईंच्या घरी आपण पाहुणे आहोत. पाहुण्यांच्या पाण्यात रक्त बरं नाही."

गेन्जिरो खोकला. बराच वेळ खोकत होता. पाणी कुठे जातं ते यांना ठाऊक होतं, ताई. आदल्या दिवशी येताना लाकडी पन्हळ मीच दाखवली होती. एकतीस वर्षांत या माणसाला इतक्या चटकन सबब सुचलेली मी पाहिली नव्हती.

जेवताना यांनी तुला जी अट घातली, तीच परवा गटाच्या बैठकीत सांगितली. बागाईतदारांनी टाकाऊ सफरचंदं आणि जव वर पाठवायचे, तू एप्रिलअखेरपर्यंत टोळी वर धरून ठेवायची. मार्च संपायच्या आत एक जरी झाड सोललं गेलं, तर परवाना वापरायचा आणि तेव्हा सबब चालणार नाही. लोक फार बोलले. एकानं तोंडावर सांगितलं, "मेहुणीच्या हातचा सोबा महागात पडला गावाला." हे उठून म्हणाले, "माझ्या शब्दावर." एवढंच. खाली बसले.

तर आता तुझ्या हातात तेवीस माकडं आहेत आणि माझ्या नवऱ्याचा शब्द आहे. सांभाळ.

फुसाए


शिमोझावा
१५ मार्च १९६३

ताईंना,

काल सकाळी दोन झाडं सोललेली सापडली. माझीच. पावलांचे ठसे तुमच्या बाजूने आलेले आणि तिकडेच गेलेले. गटाची बैठक रविवारी २४ तारखेला आहे. परवाना ३१पर्यंत. तुमचं म्हणणं बैठकीआधी कळावं.

इवाकिची


युनोसावा
१८ मार्च १९६३

इवाकिचीराव,

हे पत्र बैठकीत मोठ्यानं वाचा. फुसाएलाही दाखवा.

चूक माझी आहे. सहा तारखेला छपरावरचं बर्फ ओढायला चढले आणि शिडीवरून खाली आले. हाड मोडलं नाही, पाय मुरगळला. दुसऱ्या दिवशी ताप भरला, तो छातीत उतरला. आठ दिवस मी अंथरुणात होते. कामवाली ओतोमी मला पेज देऊन घर झाडत होती, तिचं वय माझ्याहून दहानं जास्त. जवाची पोती खालच्या कोठारात, कुंड वर. पोतं वर न्यायला कुणी नव्हतं. चार दिवस माकडं येऊन भिंतीवर बसली. मला खिडकीतून दिसत होती. पाचव्या दिवशी आली नाहीत. कुठे गेली असतील ते मला त्याच क्षणी कळलं.

तोराओ मधे दोनदा येऊन गेला. त्याच्या हाती चिठ्ठी दिली असती तर दोन दिवसांत तुम्हाला कळलं असतं आणि झाडं वाचली असती. दिली नाही. उलट त्याला बजावलं, मी पडल्याचं खाली बोलू नकोस. ताझुकोला एकटीला जमत नाही, हे शिमोझावात कुणी म्हणू नये म्हणून. फुसाएनं डिसेंबरात विचारलं होतं, तू आजारी पडलीस की? मी त्या प्रश्नाला उत्तरच दिलं नव्हतं. दोन झाडं माझ्या त्या तोऱ्यापायी गेली. माकडांनी फक्त खाल्लं.

काल काठी घेऊन कोठारापर्यंत गेले, एका बादलीत मावतील तेवढे जव वर नेले. सगळी परत आली आहेत. पण रोज एवढं माझ्यानं व्हायचं नाही, हे मी लिहून देते.

मी आयुष्यात कुणाकडे माणूस मागितला नाही. आता मागते. एक माणूस, पाठीत बळ असलेला, एप्रिलअखेरपर्यंत. तो नाही मिळाला, तर तुम्ही बंदूक घेऊन याल तेव्हा मी तुम्हाला दोष देणार नाही. ताटात वाढून मीच ठेवलं, हे फुसाए म्हणाली होती. बरोबर म्हणाली होती.

ताझुको


युनोसावा
२८ मार्च १९६३

फुसाए,

मी नीट पोचलो. तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. आजवर कधी तुझ्यापासून दूर राहिलोच नाही, त्यामुळे लिहायची गरज पडली नव्हती. कसं लिहायचं ते ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "थंडीवाऱ्याचं लिहू नका, मुद्द्याचं लिहा." म्हणून मुद्द्याचं लिहितो.

सोमवारी मी घाईत निघालो, बैठकीत काय झालं ते तुला पुरतं सांगितलं नाही. ताईंचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. जो सोब्याचं बोलला होता तोच पहिला म्हणाला, "बाई खरी आहे." दुसरा म्हणाला, "खरी असेल, पण झाडं गेली त्याचं काय?" मी सांगितलं, झाडं माझी गेली, ओरडायचं तर मी ओरडेन. मग मी विचारलं, नोव्हेंबरपासून तुमच्यापैकी कुणाचं एक फळ तरी गेलं का? कुणाचंच गेलं नव्हतं. मी म्हटलं, आठ दिवस एक बाई आजारी पडली तर दोन झाडं गेली. याचा अर्थ बाकीचे सगळे दिवस ती बाई आपल्या सगळ्यांची बाग राखत होती. तेही एकटी, आणि आपल्यातल्या एकानंही वर जाऊन तिला विचारलं नाही.

ठरलं ते असं. पुढच्या हिवाळ्यापासून प्रत्येक बागेतून एक माणूस, दहा दहा दिवसांच्या पाळीनं वर राहील. या वर्षीची पाळी पूर्ण माझी. परवाना मी गटाच्या दप्तरात ठेवायला देऊन आलो. रविवारी तो आपोआप संपेल.

ताईंचा ताप उतरलाय. पाय सुजलेला आहे, पण तोंड पूर्ण बरं झालंय. मी जव कुठे टाकतो, किती टाकतो, बादली कशी धरतो, सगळ्यावर त्या खिडकीतून ओरडतात. "मेहुणेबुवा, एका जागी ओतू नका, पसरा! मोठी बसतील आणि पोरं उपाशी राहतील." काल मी म्हटलं, "ताई, बाग मी चालवतो, तुम्ही मला पसरायला शिकवता?" त्या म्हणाल्या, "झाडं एकमेकांच्या तोंडचं ओढत नाहीत." मी बादली उचलली आणि पसरायला लागलो.

ती आता तेवीस नाहीत. चोवीस आहेत. काल सकाळी एकीच्या पोटाला ओलं, मुठीएवढं काहीतरी चिकटलेलं दिसलं. यंदाचं पहिलं. ओतोमीनं शुभकार्याचा लाल भात रांधला. मी म्हटलं, माकडाच्या बाळंतपणाला लाल भात? तरी दोन वाट्या खाल्ला.

आता तुझ्यासाठी काम. ती दोन झाडं वाचतील. साल पुरती गोल गेली आहे, पण खालचं लाकूड सुकलेलं नाही, मी नखानं खरवडून पाहिलंय. सोललेल्या पट्ट्याच्या वर आणि खाली साल उचलून काड्यांचे पूल बांधायचे, प्रत्येक झाडाला सात-आठ. काड्या मी कापून ओल्या भुशात ठेवल्या आहेत, पडवीतल्या मोठ्या पेटीत. कोंब फुटायला लागले की लगेच बांध, मी परत येण्याची वाट बघू नकोस. गेल्या वर्षी मी एकोणीस झाडं नुसती बघत बसलो. राग इतका होता की हाताला काम सुचलं नाही. तुला तेव्हाच विचारलं असतं, तर त्यांतली निम्मी तरी उभी असती. कलमाला तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. बाबा जायच्या आधी मला म्हणाले होते, आणि मला तेव्हाच पटलं होतं. बोललो नव्हतो.

कलमं बांधून झाली की तू वर ये. बाग चार दिवस थांबेल, शेजारच्यांना मी सांगून आलोय. ताईंनी तुझ्यासाठी पुढची खोली काढून ठेवली आहे. मी म्हटलं, आमच्यासाठी म्हणा.

इथे दुपारी जेवणानंतर खालच्या कुंडात कुणी नसतं. मी चार दिवस बघतोय. ताईंना विचारलं, त्या म्हणाल्या दाराला 'बंद आहे' अशी पाटी लावून ठेवीन.

इवाकिची